खबर देणार भिमा

ट्यूबवर लेबल चिकटवत होते तेवढ्यात मोबाईल थरथरला. रवीचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मेसेज. "वंशावळ फायनल. चेक कर. उद्या इंदापूर." खाली फोटो. वरच्या चौकटीत आमचा पणजा ज्ञानू, त्याच्याखाली आजा भिमा, त्याच्याखाली आमचे अण्णा भानुदास, त्यांच्याखाली रविंद्र आणि तळाला जरा ठळक अक्षरात रवीचा मुलगा सुमित. एकाखाली एक चौकटी, मधे बाण. मी वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. काय शोधत होते कुणास ठाऊक. छे, ठाऊक होतं की. हातातल्या ट्यूबवर मीच लिहिलं होतं, 'बेबी ऑफ रेश्मा'. आमच्या लॅबमध्ये तान्ह्या पोरांचं रक्त असंच येतं, बारसं व्हायच्या आधी. काविळीचा संशय, टाचेत सुई, आणि लेबलावर आईचं नाव. बाप बाहेर बाकावर फोनवर बोलत असतो, त्याचं नाव कुणी विचारत नाही, कारण पोर कुणाच्या पोटातनं आलं एवढंच त्या घटकेला पक्कं असतं. बारामतीत इतकी वर्षं मी हे लिहीत आले आणि मला कधी त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. त्या दिवशी ती ट्यूब स्टँडमध्ये ठेवली, पुन्हा फोटो मोठा करून बघितला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्यात जाऊन फोन लावला. "रवी, ती कुठंय?" "कोण ती?" "ती मुलगी. जिच्या जिवावर तुझं हे सगळं चाललंय ती." तो दुकानात असणार, मागं ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट आपटल्याचा आवाज येत होता. म्हणाला, "अगं, झाडात पोरी घेत न्हाईत. कचेरीसमोर कागद करून देनाऱ्या नागेशचा फॉरमॅट हाय तो, निम्म्या तालुक्याचं काम केलंय त्यानं. नोंदीत बापाचं नाव आलं, जात आली, साल आलं, पुरावा झाला. आता पोरगी कशाला घालायची? उगं समितीनं क्वेरी काढली म्हंजे? सोमवारी शेवटची तारीख हाय सुमितची." मी म्हणाले, "आणि मी?" "तू काय?" "मी कुठंय त्यात?" तो हसला. चिडला असता तर परवडलं असतं. "तू आता त्या घरची न्हाईस का? काय बारक्या पोरावानी करतीस, सुपे." फोन ठेवला त्यानं. त्या घरची! त्या घरचीही वंशावळ मी बघितलीय, माझ्या दिराच्या पोरासाठी केलेली. तिच्यातही मी नाही. मग मी राहते तरी कुठं?

आणि हे सगळं शोधलं कुणी? रवीनं? रवीनं फक्त गाडीत डिझेल भरलं. माझ्या सुट्ट्या गेल्या, माझे डोळे गेले, इंदापूरच्या कचेरीतल्या दप्तराची धूळ माझ्या नाकात गेली. सुमितला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, पण जातपडताळणी हवी, आणि पडताळणीला हवा पन्नास सालाच्या आधीचा पुरावा, ज्यात जात लिहिलेली आहे. अण्णा शाळेत गेले तेच मुळी पन्नास सालानंतर. त्याच्या आधी आमच्यातलं शाळेत गेलंय कोण? आजा भिमानं छप्पन साली दीक्षा घेतली, घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले आणि तो जुना शब्द पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिला नाही. अण्णांना कुणी जात विचारली तर ते 'बौद्ध' एवढंच म्हणायचे आणि समोरचा अजून काही विचारेल म्हणून थांबायचे, डोळ्याला डोळा लावून. आणि आता त्यांच्याच नातवाला कॉलेजात बसायचं तर तोच शब्द शोधून आणा, सरकारी शाईत लिहिलेला. साहेब, आमच्या कपाळावर तुम्हीच मारलेला शिक्का तुमच्या कपाटात सापडतोय का बघता का जरा, असं हात जोडून विचारा. हक्क आहे पोराचा, भीक नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण हक्काकडं जायची वाट असली असावी का? मी रोज तिथं जाऊन बसायचे आणि रोज येताना दात आवळून दुखायचे.

कोतवाल बुक म्हणतात त्या वहीला. गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते लिहायची जुनी वही. पानं पिवळी, कडा कुरतडलेल्या, उलटताना बोटाखाली भुगा व्हायच्या. शेवटचा रकाना 'खबर देणाराचे नाव'. आणि त्या रकान्यात, पानामागून पान, माझा आजा. भिमा ज्ञानू. भिमा ज्ञानू. पाटलाच्या घरात नातू झाला, खबर देणार भिमा. वाण्याची आई गेली, खबर देणार भिमा. सुताराची सून बाळंतपणात गेली, भिमा. मी आधी खुळ्यासारखी आनंदले, की बघा, केवढं नाव आहे आपल्या आजाचं! मग डोक्यात प्रकाश पडला. ते कामच होतं त्याचं, महारकीचं. गावात कुठंही कुणीही जन्मो-मरो, यानं चावडीवर पळत जायचं आणि लांब उभं राहून सांगायचं. साऱ्या गावाचं जन्ममरण माझ्या आजाच्या तोंडून त्या वहीत गेलं. आणि त्याची स्वतःची पोरं? अण्णांचा जन्म नाही. केसरआत्याचा नाही. पुन्हा पुन्हा पाहिलं, नाहीच. खबर देणारा नुसता रकान्यात उभा, घराबाहेर उभं राहावं तसा. मी वही मिटणार होते आणि तेव्हा ती ओळ दिसली, एकोणचाळीस सालच्या उन्हाळ्यातली. मयत. मुलगी, नाव नाही, तान्ही. बाप भिमा ज्ञानू. जात महार. कारण ताप. खबर देणार, बाप स्वतः.

रवीला फोन केला तर तो केवढ्यानं ओरडला, "सापडलं! नशीब!" नशीब म्हणाला तो. संध्याकाळी दुकानात पेढे वाटले. एका तान्ह्या पोरीच्या मरणाचे पेढे वाटले माझ्या भावानं, आणि मीही एक खाल्ला, कारण मोना, म्हणजे त्याची बायको, तोंडाशी धरून उभी होती. त्या रात्रीपासून माझ्या डोळ्यांपुढून छबूबाई हलेना. छबूबाई माझी आजी, भिमाची बायको. मी लहान असताना ती आमच्याकडंच असायची. ठेंगणी, काटक, तंबाखू मळताना स्वतःशीच पुटपुटणारी. कधी कुणाला चापट मारली नाही तिनं, मला एकदा मारली. माझ्या पाठीवर आम्हाला एक भाऊ झाला होता, त्याच्यासाठी घरात जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. त्याला आईनं मांडीवर घेतलेलं आणि मी रिकामी झोळी हलवत होते, गाणं म्हणत होते. आजी स्वयंपाकघरातनं आली आणि फाडकन कानाखाली. मग झोळी दोन्ही हातांनी धरून उभी राहिली, झोळी हलायची थांबली तरी धरूनच. आईनं समजूत घातली, रिकामा पाळणा हलवू नये गं, अपशकुन असतो. मी शकुन-अपशकुन मानत नाही, आमच्या घरात ते चालतच नाही, पण लॅबमध्ये ती जुनी गोष्ट आठवून माझा गाल खरंच गरम झाला. हात लावून बघितला. मग हात धुतले आणि पुढची ट्यूब घेतली.

फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी रवी आणि मी निघालो. शपथपत्रावर अंगठा द्यायला केसरआत्या लागणार होती, भिमाच्या लेकरांतली ती एकटीच उरलीय. ती भवानीनगरला तिच्या मुलाकडं, जोतीरामकडं असते. आम्ही पोचलो तर दारात खुर्ची टाकून तयार बसलेली, पांढरं पातळ, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत आधार कार्ड आणि चार केळी. "लई येळ लावला रं," म्हणत मागं माझ्याशेजारी येऊन बसली. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, रवी हॉर्नवर हॉर्न. मी थोडा वेळ कळ काढली. मग विचारलं, "आत्या, तुझ्याआधी आजीला एक मुलगी झाली होती?" तिनं माझ्याकडं न बघता केळ्याचं देठ मोडलं. "व्हय. तुला कुणी सांगितलं?" "सरकारनं," मी म्हणाले. ती हसली, दात नसलेलं हसू. मग आपणहून बोलायला लागली, अर्धं माझ्याशी, अर्धं खिडकीशी.

"पाटलाच्या घरात लगीन हुतं. बोलावणं आलं. आय वली बाळंतीन, अजून पोट बांधल्यालं. पर न्हाय म्हनायची सोय हुती का? सरपान गोळा करायचं, मांडव सारवायचा. बाभळीला झोळी बांधली अन् कामाला लागली. पोर रडली की आय उठायची, की त्यांची बाई म्हनायची, आधी हात उरक. ऊन फिरलं. झोळीवरची सावली सरकली. आयचं ध्यान हाताकडं. मग पोर गप झाली." आत्यानं केळं सोललं आणि तसंच हातात धरलं. "आय म्हनायची, ती गप झाली तवा मला बरं वाटलं गं केसर. मला वाटलं निजली. त्येच तिला लई लागलं. मरंस्तोवर लागलं."

कारण, ताप. मी खिडकीबाहेर बघत राहिले. डाळिंबाच्या बागा, त्यांवर टाकलेले पांढरे कपडे, उन्हानं फळ भाजू नये म्हणून. प्रत्येक झाडाला कपडा. मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? पाटलाच्या घरातलं कुणी उरलंय का, असेल तर बारामतीत माझ्याच लॅबमध्ये शुगर तपासायला येत असेल, मीच त्याच्या दंडाला पट्टा बांधत असेन. रवी आरशातनं म्हणाला, "आत्या, जुनं कशाला उगाळायचं आता. पोरांनी पुढं जायचं हाय." आणि एसी वाढवला. मला वाटलं मागनं त्याच्या टाळक्यात एक द्यावी. पुढं म्हणे. कशावर पाय ठेवून पुढं चाललायस ते तरी बघ की एकदा, बाबा.

"मग आजानं, तुझ्या आबानं, वहीत लिहून कसं घेतलं?" मी विचारलं. आत्या एकदम ताठ झाली. "चावडीवर गेला. खबर द्यायचं कामच त्येचं. म्हनला, लिवा. लिवनारा म्हनला, तुमच्यातलं कशाला रं, तिला नाव बी न्हाय. आबा म्हनला, गावातलं समद्यांचं मी सांगत आलो, आता माझं लिवा. हाकलला तरी हलंना. शिव्या दिल्या, काठी उगारली. ह्यो उन्हात उभा. खाली बसला न्हाय, पानी मागितलं न्हाय. दिस बुडाया आला. शेवटी त्या लिवनाऱ्यालाच घरी जायचं हुतं, म्हनून लिवलं." ती खदखदून हसली आणि डोळे पुसले. "मग तुमची का नाही लिहिली त्यानं? तुझं, अण्णांचं?" "आमी जगलो की," आत्या म्हणाली. तिच्या दृष्टीनं ते उत्तर पुरं होतं. केळं तिनं तसंच माझ्या हातात दिलं. खा म्हणाली.

इंदापूरला कचेरीसमोर नागेशचं टेबल. वर पत्रा, टेबलावर लॅपटॉप, प्रिंटर, स्टॅम्पपेपरच्या चळती. चाळिशीचा, कपाळाला अष्टगंध, बोलायला गोड. पलीकडं हायवेवर ट्रक एवढे, की दर वाक्याला थांबावं लागायचं. रवी म्हणाला, "नक्कल दे गं, सुपे." वहीतल्या त्या पानाची सही-शिक्क्याची नक्कल माझ्या पर्समध्ये होती, माझ्या अर्जावर निघालेली, माझ्या नावानं. मी पर्स काखेत दाबली. म्हणाले, "आधी तिला झाडात लिहा." रवीनं नागेशकडं असं बघितलं, की बघा, बायकांचं असं असतं. नागेश म्हणाला, "ताई, बसा की. चहा सांगतो." "बसत नाही." "अहो, मयत आहे, अज्ञान आहे, नाव नाही. काय लिहिणार?" "मयत तर भिमाही आहे. ज्ञानूही आहे. त्यांना चौकट बरी मिळाली?" रवीचा आवाज चढला. "सुपे, तमाशा नको. पोराचं वर्ष जाईल." आणि आत्या, माझी आत्या, जिच्या बहिणीसाठी म्हणून मी भांडत होते, तीसुद्धा बाकड्यावरून म्हणाली, "जाऊ दे बाय. मेलेल्या पोरीपायी जित्या पोराचं नगं अडवूस."

सर्वांत जास्त राग मला त्या वाक्याचा आला. कारण ते खरं होतं. सुमित झाला तेव्हा त्याच्या टाचेतलं रक्त मीच काढलं होतं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नव्हता. 'बेबी ऑफ मोना' असं मीच लिहिलं होतं. त्याचं वर्ष माझ्या काखेत दाबलेलं होतं आणि मला ते कळत होतं, पर्सचा पट्टा खांद्यात रुतत होता, आणि कुणीतरी आतून म्हणत होतं, दे, देऊन टाक, पोरगं गुणी आहे, त्याचा काय दोष. पण हे असंच तर चालत आलंय! प्रत्येक वेळी कुणाचं तरी लग्न असतं, कुणाची तरी तारीख असते, काम निघालेलं असतं, आधी हात उरक, मग बघू. आणि तोवर सावली सरकते. मी हलले नाही. पत्र्याच्या कडेवरून ऊन माझ्या डोक्यावर आलं. मागं अजून दोघं-तिघं कागद घेऊन उभे होते, ते कुजबुजायला लागले, एकजण म्हणाला घरगुती मॅटर दिसतंय. रवी फोनवर बोलायला लांब गेला, परत आला, पुन्हा गेला. आत्यानं पिशवीतनं केळं काढून मला दाखवलं, मी मान हलवली. पाय वळले होते, घसा सुकला होता, आणि मी पाणी मागितलं नाही. मला माहीत होतं मी कुणासारखी उभी आहे. त्याचं तोंड मी कधी पाहिलं नाही, आमच्याकडं त्याचा फोटोही नाही, पण त्याचे पाय कसे भरून आले असतील ते मला त्या टेबलापाशी कळलं.

शेवटी नागेशनं घड्याळ बघितलं. त्याच्या जेवायची वेळ झाली होती. "दादा, घालून टाकू का?" तो रवीला म्हणाला. "तसं बघितलं तर समितीला जास्तीची नावं चालतात. कमी असली तर विचारतात." मी म्हणाले, "चालतात?" "हो की. आम्ही आपलं सवयीनं घालत नाही. कुणी सांगतच नाही ना." घ्या! म्हणजे अडचण कधी नव्हतीच. क्वेरी नव्हती, समिती नव्हती, नियम नव्हता. पोराचं वर्ष वगैरे काही नव्हतं. फक्त कुणी सांगत नव्हतं. मला वाटलं होतं हे ऐकून राग उतरेल. उलट तो असा चढला की कानात ट्रकचा आवाजही येईना. रवीनं मान खाली घातली होती. लहानपणी फुटलेल्या काचेपाशी तो असाच उभा राहायचा.

नागेशनं भिमाच्या खाली एक नवी चौकट ओढली, अण्णांच्या डावीकडं, सगळ्यांत आधीची. कर्सर लुकलुकत राहिला. "नाव काय टाकू, ताई?" आत्या पुटपुटली, "नाव नव्हतं ठिवलं. बारशाच्या आधीच." नागेश म्हणाला, "मग नुसतं 'मुलगी, मयत'?" मी म्हणाले, "लिहा. छबूबाईची मुलगी." त्यानं मान वर केली. "बापाचं नाव लावतात, ताई. भिमा..." "बापानं त्याचं लिहून घेतलंय," मी म्हणाले, "दिवसभर उन्हात उभं राहून. तुम्ही आईचं लिहा." तो लिहायला लागला. मग मी त्याला आत्याचं सांगितलं, मग माझं, सरळ, जन्मनावानं, भानुदासची मुलगी. तो मुकाट लिहीत गेला. जेवायला उशीर होत होता त्याला.

प्रिंट निघाली. गरम कागद. आत्याचा अंगठा घ्यायला नागेशनं शाईचं पॅड पुढं केलं, तिनं अंगठा शाईवर टेकवला आणि तसाच हवेत धरला. "आधी वाचून दावा. काय लिवलंय त्ये," ती म्हणाली. नागेशनं कागद उचलला, मी म्हणाले, "तुम्ही नाही. रवी, तू वाच." त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आत्याच्या त्या निळ्या अंगठ्याकडं, आणि कागद घेतला. ज्ञानू. भिमा. तिथवर नीट वाचलं त्यानं. मग पुढच्या चौकटीपाशी आला आणि आवाज पार घशात गेला, ओठ हलले नुसते.

"मोठ्यानं," मी म्हणाले.